ओपन ए ट्यूनिंगमध्ये स्लाइड: बॉनी रेटसारखा लांब, गाणारा सूर कसा काढायचा?

काचनळी (प्रश्न)

अमेरिकन ब्लूज गायिका आणि गिटारवादक बॉनी रेट हिच्या इलेक्ट्रिक स्लाइडचा (बोटात नळी घालून ती तारांवर सरकवत वाजवण्याचा) सूर हवा आहे. भडक नको, गळ्यासारखा वळणारा आणि शेवटपर्यंत टिकणारा. ती इलेक्ट्रिकवर ओपन ए (मोकळ्या तारा छेडल्या की ए ची कॉर्ड वाजते असं ट्यूनिंग) लावते आणि काचेची स्लाइड मधल्या बोटात घालते, एवढं माहीत आहे. माझा सेटअप असा: स्ट्रॅटोकास्टर, ६४८ मिमी स्केल, ९.५ इंच रेडियसचा फिंगरबोर्ड, तरंगता ट्रेमोलो (स्प्रिंगवर झुलणारा ब्रिज, तीन स्प्रिंग), १० ते ४६ चा तारांचा सेट (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात), १२ व्या फ्रेटवर १.६ मिमी अ‍ॅक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची), मध्यम जाडीची काचेची स्लाइड.

अडचणी:

१. चौथी, तिसरी, दुसरी तार वर चढवली की ब्रिज उचलला जातो आणि बाकीच्या तारा उतरतात. त्या लावेपर्यंत आधी लावलेल्या तीन बिघडतात.
२. पहिल्या तारेवर स्लाइड फ्रेटला आपटून खडखडते.
३. स्लाइड बरोबर फ्रेटच्या डोक्यावर धरली तरी रेकॉर्डिंगमध्ये सूर उतरलेला ऐकू येतो.
४. स्लाइडच्या मागून एक वेगळाच कुजबुजता सूर येतो. १२ व्या फ्रेटवर नाही येत, १० व्या फ्रेटवर हमखास येतो.
५. कंप्रेसर (मोठा आवाज दाबून विरणारा वर उचलणारं पेडल) लावला तर सूर लांबतो, पण घरघर आणि खडखड त्याहून जास्त वाढते.

शिवाय ओपन ए लावण्यापेक्षा ओपन जी लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) बरा, असंही सांगतात. खरं काय?

---

सॅडलस्क्रू

पहिल्या दोन अडचणी सेटअपच्या आहेत. त्या सुटल्याशिवाय पेडलला हात लावू नका.

ओपन ए म्हणजे सहावीपासून पहिलीपर्यंत ई-ए-ई-ए-सी शार्प-ई. तीन तारा प्रत्येकी एक पूर्ण स्वर वर जातात. एक पूर्ण स्वर चढवला की त्या तारेवरचा ताण जवळपास २६ टक्के वाढतो. १० ते ४६ च्या सेटवर नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये एकूण ताण साधारण ४७ किलो असतो, ओपन ए मध्ये तो ५३ किलोच्या आसपास जातो. तीन स्प्रिंगच्या तरंगत्या ब्रिजला हे पेलत नाही, तो पुढे झुकणारच. म्हणून ब्रिज बॉडीवर टेकवून टाका:

- मागचं झाकण काढा. स्प्रिंग ज्या पट्टीला अडकतात तिचे दोन स्क्रू दिसतील. स्प्रिंग चार करा, जाड तारा लावणार असाल तर पाच.
- ओपन ए कच्चं लावा. ब्रिज उचलला असेल.
- दोन्ही स्क्रू अर्धा अर्धा फेरा आवळा, पुन्हा लावा, पुन्हा अर्धा फेरा. ब्रिजची मागची कड बॉडीला टेकली की थांबा आणि वर आणखी अर्धा ते एक फेरा द्या. ट्यूनिंग नीट असताना ब्रिज बोटाने हलता कामा नये.
- स्क्रूशी खेळायचं नसेल तर ट्रेमोलोचा धातूचा ठोकळा आणि पोकळीची मागची भिंत (स्ट्रॅप बटणाकडची, स्प्रिंगच्या विरुद्ध बाजूची) यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा घट्ट बसवा. ब्रिज पुढे झुकतो तेव्हा ठोकळा त्याच भिंतीकडे सरकतो, म्हणून तुकडा तिथेच हवा. दुसऱ्या बाजूला घातला तर काही उपयोग नाही.

टेकलेल्या ब्रिजचा आणखी फायदा म्हणजे एक तार तुटली तरी बाकीच्या पाच जागेवर राहतात.

आता तारा. तुमच्या सेटमध्ये ओपन ए लावलं की चौथीवर साधारण १०.५ किलो ताण येतो आणि पहिलीवर जेमतेम साडेसात. पहिली तीच तार आहे जिच्यावर सगळी सुरावट वाजते, आणि तीच सगळ्यात लुळी. स्लाइडच्या वजनाने ती दबते आणि फ्रेटला लागते. तयार सेट सोडा, सुट्या तारा घ्या: पहिली ०.०११, दुसरी ०.०१३, तिसरी ०.०१७, चौथी ०.०२४, पाचवी ०.०३६, सहावी ०.०४८. चौथी मुद्दाम बारीक केली आहे. यात जवळपास प्रत्येक तारेवर नऊ किलोच्या आगेमागे ताण येतो आणि हाताला सगळ्या तारा सारख्या लागतात. तिसरी साधीच ठेवा, गुंडाळलेली तार स्लाइडखाली खरखरते.

तारा बदलल्यावर मान तपासा. सहावी तार पहिल्या आणि १७ व्या फ्रेटवर दाबून धरा. ७ व्या-८ व्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात ०.२ ते ०.३ मिमी फट हवी. ताण वाढल्यामुळे ती बहुधा वाढलेली असेल. ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा आवळा, काही तास जाऊ द्या, मग पुन्हा मोजा. एका दमात अर्धा फेरा नको.

अ‍ॅक्शन: फक्त स्लाइडसाठी गिटार राखून ठेवणार असाल तर १२ व्या फ्रेटवर २.५ ते ३ मिमी. मधूनमधून बोटांनी कॉर्डही धरायची असेल तर सहावी २.४ आणि पहिली २.० मिमीवर जमतं. १.६ वर कोणालाही खडखडच मिळेल.

आणि ही गोष्ट बरेच जण विसरतात: स्लाइड सरळ असते, तारांची रांग वक्र असते. ९.५ इंच रेडियसवर स्लाइड आडवी टेकवली की आधी तिसरी-चौथी लागतात आणि पहिली गाठायला तुम्ही जोर देता. १२ व्या फ्रेटवर स्लाइड सहाही तारांवर अजिबात न दाबता ठेवून बघा. कडेच्या तारा लागत नसतील तर पहिली, दुसरी, पाचवी, सहावी यांचे सॅडल (ब्रिजवर तार टेकते ते तुकडे) थोडे थोडे वर घ्या, रांग जवळजवळ सपाट होईपर्यंत. पूर्ण सपाट नको, नाहीतर बोटांनी कॉर्ड धरणं अवघड जाईल. तुमच्या दुसऱ्या अडचणीचं मूळ अर्धं इथे आणि अर्धं त्या लुळ्या पहिल्या तारेत आहे.

नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचांत पेन्सिलीचं शिसं फिरवा. ओपन ट्यूनिंगमध्ये सारखं वर-खाली करताना तार खाचेत अडकते आणि मग टक् आवाज करून एकदम सुटते.

---

कोमलगंधार

तिसऱ्या अडचणीबद्दल. तुमचा कान बरोबर आहे, फ्रेटच्या डोक्यावर धरलेली स्लाइड खरोखरच उतरते.

बोटाने दाबली की तार थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. तो चढ भरून काढायला सॅडल मागे सरकवलेले असतात, म्हणजे प्रत्येक तार ६४८ मिमीपेक्षा थोडी लांब असते. स्लाइडमध्ये तार दबतच नाही, त्यामुळे चढ येत नाही आणि जास्तीची लांबी मात्र तशीच राहते. सॅडल २ मिमी मागे असेल तर १२ व्या फ्रेटचा खरा सूर फ्रेटच्या १ मिमी पुढे, ब्रिजच्या दिशेला मिळतो. पहिल्या-दुसऱ्या तारेला अर्धा ते एक मिमी, सहावीला दीड-दोन मिमी. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण हिशोब असा: १२ व्या फ्रेटपाशी १ मिमी म्हणजे सुमारे ५ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), तिसऱ्यापाशी ३ आणि १९ व्यापाशी ८. वर जाल तसा हात अधिक काटेकोर हवा.

त्यात डोळ्याची फसवणूक भर घालते. तुम्ही मानेकडे वरून, तिरकं बघता. स्लाइडची दिसणारी कड आणि तारेला प्रत्यक्ष टेकणारी रेषा एक नसतात. जाड काचेत हा फरक सहज ३ मिमीपर्यंत जातो, म्हणजे १२ व्यावर १५ सेंट. म्हणून डोळ्यावर शिकू नका. पाचवी तार मोकळी छेडा, तो तुमचा सा. त्यावर पहिल्या तारेचा १२ वा फ्रेट म्हणजे प. दोन फ्रेट खालून मींड घेत या आणि सा-प मधली थरथर ज्या जागी थांबते तिथे थांबा. मग बघा स्लाइड कुठे आहे. ट्यूनर फक्त नंतर पडताळायला.

ट्यूनिंगच सरगममध्ये बघितलं तर सगळं सोपं होतं. ओपन ए म्हणजे प-सा-प-सा-ग-प. ओपन जी (डी-जी-डी-जी-बी-डी) तेच, फक्त एक स्वर खाली. ओपन ई (ई-बी-ई-जी शार्प-बी-ई) आणि ओपन डी यांचं सूत्र वेगळं: सा-प-सा-ग-प-सा. इतर नावाजलेल्या स्लाइडवाल्यांपैकी एल्मोर जेम्सची ओळख ओपन डी, ड्युएन ऑलमन आणि डेरेक ट्रक्सची ओपन ई. त्यांच्याकडे पहिल्या तारेवर सा आहे, म्हणून तान वर जाऊन सा वर संपते. रेटच्या पहिल्या तारेवर प आहे. सा गाठायला १७ व्या फ्रेटपर्यंत जावं लागतं किंवा तिसऱ्या तारेवर उतरावं लागतं. तिच्या फ्रेज खाली उतरून विसावतात त्याचं एक कारण हे. ओपन ई मध्ये बसून तिची नक्कल केली तर स्वर मिळतील, चाल मिळणार नाही.

आता ग. दुसरी मोकळी तार सी शार्प ट्यूनरवर शून्याला लावली तर कॉर्ड टोचते, कारण नैसर्गिक शुद्ध गंधार ट्यूनरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. दुसरी तार १० ते १४ सेंट उतरवा. मग स्लाइड कुठेही आडवी ठेवली तरी कॉर्ड जुळून येते. सोबत पियानो किंवा ऑर्गन असेल तर ५-६ सेंट पुरे, नाहीतर त्यांचा ग आणि तुमचा ग भांडतील.

ब्लूजचा गंधार याहूनही खाली, कोमल आणि शुद्ध यांच्या मधे, शुद्धाच्या जवळ. दुसऱ्या तारेवर ११ ते १२ फ्रेटमधलं अंतर सुमारे १९ मिमी आहे. ११ वरून निघा आणि १२ च्या ४-६ मिमी अलीकडेच थांबा. १२ ला टेकलात की रंग गेला.

आंदोलन: बोटाने तार ओढून केलेलं आंदोलन फक्त वर जातं, स्लाइडचं दोन्ही बाजूंना समान जायला हवं. १२ व्या फ्रेटवर इकडे २-३ मिमी, तिकडे २-३ मिमी, बस्स. अंगठा मानेच्या मागे हलका टेकलेला, हालचाल मनगटातून. स्वर आधी सरळ लागू द्या, मग आंदोलन. लागताक्षणी हलवायला घेतलं की चुकलेला सूर लपवताय हे ऐकणाऱ्याला कळतं.

---

दुसराफ्रेट

माझं मत ओपन जी आणि कॅपो. तारा उतरतात (सहावी, पाचवी, पहिली एकेक स्वर खाली), मानेवर ताण वाढत नाही, तार तुटायची भीती नाही, ब्रिजशी झटापट नाही. गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे कॅपो तिसऱ्यावर नेला तर बी फ्लॅट, पाचव्यावर नेला तर सी. गाणारा माणूस पट्टी बदलतो, तेव्हा ओपन ए वाला अडकून पडतो.

अकूस्टिकवर तर प्रश्नच नाही. ओपन ए थेट लावलं तर वाढलेला ताण वरच्या पातळ लाकडावर आणि चिकटवलेल्या ब्रिजवर येतो. तिथे जी आणि कॅपोच.

तारा मात्र जाड लागतील, कारण उतरवल्यावर त्या ढिल्या पडतात: ०.०१२, ०.०१५, ०.०१८, ०.०२८, ०.०४२, ०.०५४.

---

सॅडलस्क्रू

अकूस्टिकबद्दल पूर्ण सहमत. इलेक्ट्रिकवर नाही. उंच अ‍ॅक्शनवर कॅपो लावला की तारा ताणल्या जाऊन चढतात, आणि सहाही सारख्या चढत नाहीत. लावल्यावर पुन्हा ट्यून करावंच लागतं. अष्टक १२ वरून १४ वर जातं, म्हणजे मानेवरचे ठिपके खोटं बोलायला लागतात. आणि कॅपोपाशी तार फ्रेटला टेकलेली असते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन फ्रेटवर स्लाइडला उंचीच मिळत नाही. ०.०१८ ची तिसरी साधी तार जी वर आणि ०.०१७ ची ए वर, यांच्या आवाजातही फरक आहे. घट्ट तार जास्त गाते.

पट्टी बदलायची वेळ वारंवार येत असेल तर दुसराफ्रेट यांचं खरं. एकाच पट्टीत दोन-तीन गाणी असतील तर ए थेट लावा.

---

तळहात

चौथी अडचण. मागून येणारा सूर म्हणजे स्लाइड आणि नट यांच्यामधली तार. स्लाइड तार दाबत नाही, फक्त दोन भाग करते, आणि दोन्ही भाग वाजतात. १२ व्या फ्रेटवर दोन्ही भाग सारख्या लांबीचे, म्हणून सूर एकच आणि भूत लपतं. ७ व्यावर मागचा भाग तारेचा एक तृतीयांश, ५ व्यावर एक चतुर्थांश, तेही मोकळ्या तारेशी जुळतं. १० व्यावर किंवा तिसऱ्यावर मागचा सूर कशाशीच जुळत नाही. १२ व्यावरच सराव करणाऱ्याला आपला हात स्वच्छ आहे असं वाटत राहतं, म्हणून सराव मुद्दाम १० व्यावर करा.

डावा हात: स्लाइड मधल्या बोटात आहे, तर तर्जनी तिच्या मागे सहाही तारांवर आडवी, केसाइतक्या हलक्या स्पर्शाने. दाबायची नाही, तारेपासून उचलायचीही नाही. स्लाइड सरकली की तर्जनी तिच्यामागे फरफटत जाते. करंगळीत स्लाइड घालणाऱ्यांना मागे तीन बोटं मिळतात. रेट स्वतःच शिकली आणि स्लाइड मधल्या बोटात गेली ती गेलीच, सुरुवातीला तिनेही औषधाच्या गोळ्यांची काचेची बाटलीच वापरली. मधलं बोट वजनाला बळकट आणि हाताच्या मध्यावर असल्याने आंदोलन सम येतं, हा फायदा. तोटा असा की स्लाइड काढल्याशिवाय बोटांनी कॉर्ड धरणं जवळपास बंद. गाणं गात गात ताल धरायचा असेल तर करंगळी, फक्त सुरावट वाजवायची असेल तर मधलं बोट. अनामिका दोन्हींच्या मधे.

उजवा हात याहून महत्त्वाचा. पिक बाजूला ठेवा. अंगठा सहावी-पाचवी-चौथीवर झोपलेला, तर्जनी तिसरीवर, मधलं बोट दुसरीवर, अनामिका पहिलीवर. एका बोटाने छेडलं तरी बाकीची जागेवर टेकलेली. पहिली वाजवली, आता तिसरी वाजवायची: तर्जनीने छेडायच्या क्षणीच अनामिका पहिलीवर परत येऊन बसते. हे जमेपर्यंत कंप्रेसर बंद, ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाडणारं पेडल) बंद, अँप अगदी स्वच्छ.

तपासायची रीत: स्लाइड १० व्यावरून ३ ऱ्यावर न छेडता सरकवा. काहीच ऐकू यायला नको. ऐकू आलं तर कुठल्या तारेवरून आलं ते शोधा, त्या तारेचं बोट उचललेलं असतं.

स्लाइड कशी बसते हेही बघा. हात खाली सोडला तर गळून पडता कामा नये, आणि बोटाचा वरचा सांधा वाकवता यायला हवा. सैल असेल तर आतून पातळ कापडी पट्टी चिकटवा. सैल स्लाइडचं वजन तारेवर टेकत नाही, उड्या मारतं.

---

काचनळी

ब्रिज टेकवला, पहिली ०.०११ केली, सॅडल सपाटीकडे आणले, खडखड गेली. दुसरी तार १२ सेंट खाली लावल्यावर कॉर्ड खरंच बसली. आता सूर लांबवायचा प्रश्न. काच बदलून पितळ घ्यायचं का? आणि कंप्रेसर नेमका कसा लावायचा?

---

निळीनळी

पितळ जड असतं, त्यामुळे सूर लांबतो, पण वरचे स्वर धारदार होतात आणि खडखड परत येते. तुम्हाला हवा आहे तो रंग काचेचा आहे. पातळ काच असेल तर जाड भिंतीची घ्या, ३ ते ५ मिमी, लांबी ६० मिमीच्या आसपास, म्हणजे सहाही तारा झाकतात. जड काच पुरेशी असते. लिटल फीट बँडचा स्लाइडवाला लोवेल जॉर्ज ११/१६ इंचाचा स्पार्क प्लगचा पाना स्लाइड म्हणून वापरायचा. तो लांब, रेशमी सूर तुम्हाला मोहवत असेल तर लक्षात घ्या की त्यात लोखंडाच्या वजनाइतकाच वाटा कंप्रेसरचा होता. रेटवर त्याचा प्रभाव उघड आहे, पण तिच्या आवाजात छेडण्याचा पहिला ठोका जास्त शाबूत असतो.

कंप्रेसर गिटारच्या लगेच नंतर, ओव्हरड्राइव्हच्या आधी. उलटं लावलं तर ओव्हरड्राइव्हची शिट्टीही दाबून वर आणली जाते. सेटिंग:

- रेशोची (दाबाच्या प्रमाणाची) कळ असेल तर ४:१. सस्टेनची एकच कळ असेल तर मध्याच्या थोडी खाली.
- अटॅक मंद, म्हणजे ठोका आधी निसटून जातो आणि दाब नंतर येतो. वेगवान अटॅकने बोटाचा आवाजच नाहीसा होतो आणि स्लाइड कीबोर्डसारखी वाजते.
- आउटपुट असा ठेवा की पेडल चालू-बंद केल्यावर जोराने छेडलेला स्वर सारख्याच आवाजाचा राहील. फरक फक्त शेपटीत ऐकू यावा.

घरघर का वाढते ते सोपं आहे. स्वर विरताना पेडल आवाज जितका वर उचलतं, तितकीच पिकअपची गुणगुणही उचलतं. १५ डेसिबल उचललात तर घरघरही १५ डेसिबल. इलाज दोन. एक, तुमच्या मधल्या पिकअपचं वाइंडिंग उलटं असेल (बऱ्याच नव्या स्ट्रॅटमध्ये असतं) तर पाच-जागी स्विचवर दुसरी किंवा चौथी जागा वापरा, तिथे गुणगुण खोडली जाते. स्लाइडला मान आणि मधला पिकअप मिळून येणारी जागा फार गोड लागते. दोन, कंप्रेसरचा दाब निम्मा करा आणि बाकीचं काम अँपकडून घ्या. गिटारचा व्हॉल्यूम ६ वर असताना अँप स्वच्छ आणि १० वर किंचित फाटणारा, अशी जागा शोधा. फाटण्याच्या काठावरचा अँप स्वतःच दाब देतो. ट्रेबल कमी, मिड थोडा वर, गिटारची टोनची कळ ६-७ वर. रिव्हर्ब जरासा. डिले नको, तो चुकलेले सूर लांबवून दाखवतो.

अ‍ॅक्शन उंचावली आहे, तर पिकअपची उंचीही बघा. सहावी शेवटच्या फ्रेटवर दाबून तार आणि चुंबक यांत अडीच-तीन मिमी. स्ट्रॅटचे चुंबक जवळ आले की जाड तारांवर डगमगता, दुहेरी सूर येतो आणि माणूस ट्यूनिंगला दोष देत बसतो.

पिकअपच बदलावा असं वाटलं तर स्लाइडवाला राय कूडर याने काय केलं ते बघण्यासारखं आहे: स्ट्रॅटच्या मानेपाशी टाइस्कोचा गोल्ड फॉइल आणि ब्रिजपाशी सुप्रोच्या लॅप स्टीलचा पिकअप. तो वेगळाच रंग. रेट मात्र १९६९ पासून तीच रंग उडालेली स्ट्रॅट वाजवत आली आहे, तिची बॉडी १९६५ ची. सूर हातात आहे, म्हणून उगाच सोल्डरिंग आयर्न तापवू नका.

---

कोमलगंधार

हात स्वच्छ झाला असेल तर आता वाजवायचं काय ते. ए पट्टीत स्लाइडचं घर १२ व्या फ्रेटवर:

- १२ व्यावर पहिलीपासून चौथीपर्यंत प, ग, सा, प.
- दोन फ्रेट खाली, १० व्यावर: म, रे, कोमल नी, म.
- तीन फ्रेट वर, १५ व्यावर: कोमल नी, प, कोमल ग, कोमल नी.
- पहिली तार १७ वर सा.

एवढ्यात ब्लूजची बहुतेक सुरावट येते. १० वरून १२ वर मींड हे मूळ वाक्य. तिसऱ्या तारेवर कोमल नी वरून सा, दुसऱ्यावर रे वरून ग च्या अलीकडे, पहिल्यावर म वरून प. तीनही तारा एकदम सरकवू नका, एकेक. एकदम सरकवलं की कॉर्ड येते, वाक्य येत नाही.

मोकळी कॉर्ड ए. डी साठी ५ किंवा १७, ई साठी ७ किंवा १९. गिटारला २१-२२ फ्रेट असले तरी स्लाइड त्याच्याही पुढे जाते, पण तिथे १ मिमी म्हणजे ९-१० सेंट, जपून.

मायनर गाणं असेल तर दुसरी तार कॉर्डमध्ये घेऊ नका, तिच्यात शुद्ध ग आहे. तिसरी ते सहावी फक्त सा आणि प, तिथे तुम्ही सुरक्षित आहात. कोमल ग तिसऱ्या तारेच्या तिसऱ्या किंवा १५ व्या फ्रेटवर.

गाण्याशी नातं: बारा बारच्या ब्लूजमध्ये चार चार बारच्या तीन ओळी. प्रत्येक ओळीत गाणं साधारण पहिल्या दोन बारमध्ये संपतं, तिसऱ्या बारच्या पहिल्या मात्रेपर्यंत. पुढची दीड-पावणेदोन बारची जागा गिटारची. शब्द चालू असताना स्लाइड नाही, फार तर मोकळ्या तारेचा ए, तोही तर्जनीने आवाज दबवून. उत्तर दुसऱ्या मात्रेवर सुरू करा, पहिलीवर नको, नाहीतर शेवटच्या शब्दाची शेपूट कापली जाते. पुढची ओळ सुरू होण्याआधी एक मात्रा मोकळी सोडा, गाणाऱ्याला श्वास घ्यायचा असतो. गायलेल्या ओळीचा शेवटचा स्वर उचला आणि तिथूनच उत्तर सुरू करा. ओळ ग वर संपली असेल तर दुसऱ्या तारेवर ११ वरून या. स्वतःच गात असाल तर हे आपोआप जमतं. दुसऱ्याच्या मागे वाजवताना आधी ओळ गुणगुणा.

ऐकायला रेटचा १९७१ चा पहिला अल्बम घ्या. मिनेसोटातल्या लेक मिनेटोंकावरच्या उन्हाळी शिबिराच्या जागेत, चार ट्रॅकच्या मशीनवर, सगळ्यांनी एकत्र बसून वाजवलेला. ज्युनियर वेल्सचा हार्मोनिका आहे. चार ट्रॅकमध्ये लपायला जागा नसते, म्हणून गिटार गळ्याला कुठे उत्तर देते आणि कुठे गप्प बसते ते नीट ऐकू येतं. मग १९८९ चा, ज्याला १९९० मध्ये वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. तिथे स्लाइड आणखी कमी वाजते आणि प्रत्येक वेळी मोजून येते. दोन्ही ऐकताना फक्त एवढंच लिहून काढा: ओळ कोणत्या मात्रेवर संपली, स्लाइड कोणत्या मात्रेवर आली.

---

दुसराफ्रेट

एक राहिलं. ओपन ए वरून नेहमीच्या ट्यूनिंगवर परत येताना तारा एक स्वर खाली नेऊन वर चढवत लावा. फक्त उतरवून सोडल्या तर नटच्या खाचेतला उरलेला ताण पाच मिनिटांत सुटतो आणि सूर उतरतो. आणि ०.०१३ ची दुसरी तार रोज बी ते सी शार्प अशी वर-खाली करत असाल तर ती सॅडलपाशी आधी तुटेल. तिथली धार बारीक पॉलिश पेपरने गोल करा आणि दोन सुट्या ०.०१३ केसमध्ये ठेवा.